तास

साडेसहाला विंडसॉक खांबाला चिकटून झोपलेला.
वारा नाही.
इस्माईलमामू लूनावरून धावपट्टीभर फिरून येतात
काळविटं हाकलत,
आणि सांगतात, "मोकळं हाय, साहेब.
एक हरणी बसल्याली हाय कडंच्या गवतात, उठंना.
पण ती मधी येत न्हाई."

पंखाखालून बाटलीभर इंधन काढून
मी उजेडात धरतो.
पाणी नाही.
लातुरात एवढी एकच जागा,
जिथं पाणी नाही म्हटल्यावर बरं वाटतं.

माझ्या वहीत आठशे बारा तास, चाळीस मिनिटं.
दीड हजार झाले की मोठ्या विमानाचं दार
किलकिलं होतं म्हणतात.
मी आलो तेव्हा हजार म्हणायचे.
बँक तासांत मोजत नाही,
तिचा मेसेज पाच तारखेला येतो, ढग असले तरी.

वर गेलं की हरंगुळच्या रुळांपलीकडे
क्लासवाल्यांच्या इमारती दिसतात, गच्चीवर टाक्याच टाक्या.
या गावात सगळेच तास घेतात,
फिजिक्सचे, बायोचे, पहाटे पाचचे, रात्री दहाचे.
आई शेजारणीला सांगते,
"आमचा पण तासच घेतो. वरती."

चुलत्यांच्या तोंडी तास म्हणजे नांगराची रेघ.
हजार फुटांवरून तीही दिसते,
काळ्या रानात, सरळ सरळ,
आणि बांधाशी बैल जिथं वळले तिथं
जराशी वाकडी.

शेजारच्या सीटवर संघमित्रा गायसमुद्रे, रेणापूरची.
वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक,
म्हणून इंजिनाचा आवाज तिला माझ्याआधी कळतो.
जमीन मात्र कळत नाही.
दहा फुटांवरच नाक उचलते
आणि विमान पुन्हा हवेत तरंगतं, रुसल्यासारखं.
"डोळ्यांनी नको," मी सांगतो.
पोरांना म्हणतो, जमीन बुडाला कळली पाहिजे;
तिला म्हणतो, कमरेला.
ती हसते. "सर, बुडाला म्हणा की."

माझे हात मांडीवर. तळवे ओले.
पाय पेडलच्या वर, केसभर.
दिवसभर मी हेच करतो, काही न करणं,
आणि संध्याकाळी कंबर धरते.
एकच तास दोघांच्या वहीत जातो,
तिच्या वहीत शिकल्याचा, माझ्या वहीत उडवल्याचा.
उडवलं तिनं.

चौथ्या फेरीला चाकं कधी टेकली
ते मला टेकल्यावर कळलं.

मी काही बोललो नाही.
तिला कडेला थांबायला लावलं, पट्टा सोडला,
उतरलो,
आणि रिकाम्या सीटवर तो पट्टा पुन्हा घट्ट आवळला,
कुठं अडकू नये म्हणून.
पंख्याच्या वाऱ्यात शर्ट फडफडत होता.
ती ओरडून एवढंच म्हणाली,
"सर, दार नीट लागलंय का बघा!"

माझं सत्तर किलो वजन नसलेलं विमान
नेहमीपेक्षा लवकर उचललं.
मी गवतात उभा, हातात वॉकीटॉकी,
अंगठा बटणावर आणि सांगायला काही नाही.
मामू लूना बंद करून जवळ आले.
"पोरगी एकलीच?"
"एकटीच."
मग दोघांनीही माना वर केल्या.
मांजऱ्याच्या बाजूला ती ठिपक्याएवढी झाली, वळली.
तेवढ्यात ती हरणी उठली,
आळस दिला,
आणि आली तशी कुंपणाकडं चालू लागली.

एक उडी बसली. दुसरी नाही.
अकरा मिनिटं.

तिच्या वहीत मी ती स्वतः लिहिली,
सही केली, शिक्का मारला,
शिक्क्याची शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसलो.
तिचा वडिलांना फोन चालू होता, "नाही ओ अण्णा, सर खाली होते. खाली!"

माझ्या वहीत सकाळची पस्तीस मिनिटं.
आठशे तेरा, पंधरा.
ती अकरा कुठंच नाहीत;
मी रकाना दोनदा तपासला, सवयीनं.

दारात उदगीरचा फरहान उभा,
चष्मा पुसत.
"सर, माझा तास?"