पाठमोरी

त्या जुन्या सिनेमात मी आहे.
एकूण एकोणीस सेकंद. मोजलेत मी.
मोजणं हाच माझा धंदा होता
नाशिकरोडला, प्रेसमध्ये, कोऱ्या करकरीत नोटा,
शंभरावर शंभर, अंगठ्याला रबराची टोपी.

हिरॉइनला त्या दिवशी ताप भरलेला.
कुणीतरी म्हणालं, हिची चाल बघा,
भोंग्याच्या आधी गेट गाठणारी बाई आहे,
हिलाच कोट चढवा.
कोट पुरुषाचा होता, खिशात विडीचा भुसा.
पाऊस नगरपालिकेच्या टँकरचा.
होळकर पुलावर पंचवटीकडून यायचं,
छत्रीवाल्याच्या हातात लिफाफा द्यायचा
आणि काही झालं तरी वळून बघायचं नाही.
लिफाफ्यात म्हणे नोटेचा ठसा, शत्रूला विकलेला.
मला हसू आवरेना,
पण पाठीवरून हसू दिसत नाही.

पाळी सुटली की रोज माझी झडती व्हायची.
अंबाडा सोडून दाखवायचा, डबा उलटा करायचा,
जमदाडेबाई अंगावरून हात फिरवता फिरवता
विचारायच्या, आज भाजी कसली होती गं.
आतलं बाहेर बोलायचं नाही.
कुठला आकडा छापला, किती गड्ड्या रद्द झाल्या,
नवऱ्याला कधी कळलं नाही. एकतीस वर्षं.
आणि तोच मला सांगायचा,
हेर बघावा तर त्या सिनेमात बघावा.

पाच टेक झाले.
तिसऱ्या वेळी लिफाफा भिजून उघडला.
आत ठसा नव्हता.
फुगीर दिसावा म्हणून खिशातलं
हाताला येईल ते कोंबलेलं कुणीतरी,
दोन विड्यांचे कागद, आणि एक चिठ्ठी, पेन्सिलीची,
लाइट धरणाऱ्या पोराची:
आई, मी बरा आहे. पगार अजून नाही.
शकूला सांग घड्याळ आणतो.
खाली पत्ता. तालुका येवला.

पुढचे दोन टेक मी रिकामा लिफाफा दिला.
छत्रीवाल्याला कळलं नाही,
शत्रूलाही नाही.

चिठ्ठी अंबाड्यात खोचून दुसऱ्या पाळीला गेले.
सुटताना जमदाडेबाईंच्या बोटांना लागलीच.
उजेडात धरून वाचली त्यांनी. दोनदा.
मग माझा अंबाडा स्वतःच परत बांधला,
चिठ्ठीसकट, जरा जास्तच घट्ट,
आणि म्हणाल्या, पुढची.
बिटकोच्या पेटीत टाकली.
तिकिटाचे पंचवीस पैसे कुणाकडे मागितले नाहीत.

आता तो सिनेमा परत काढलाय.
डायरेक्टर आला होता जेलरोडला, घरी. निहार नाव,
कानात बाळी, पाय मात्र दारातच धुतले.
म्हणाला, आजी, पुलावर त्या क्षणी
तुमच्या मनात काय चाललं होतं?
मी म्हटलं, दूध.
त्यानं ते फोनमध्ये टिपून घेतलं
फार खोल काहीतरी असावं तसं.

भाचीनं उंटवाडीच्या मॉलमध्ये नेलं. तिकीट तीनशे वीस.
पूल आहे, पण तो आपला नव्हे,
कॉम्प्युटरवर ओढून ओढून लांब केलेला.
गोदेला एवढं पाणी मी पुराच्या वर्षीही पाहिलं नाही.
लिफाफा नाहीच. नखाएवढी चिप.
तिच्यात काय कोंबणार कोण?
पोरगी चालते छान, टाच वाजू देत नाही.
पण एकोणिसाव्या सेकंदाला
ती वळली.
पूर्ण चेहरा. ओठावर थेंब. सरळ माझ्याकडे.
थेटरात शिट्ट्या.

मी भाचीला म्हटलं, पकडली जाणार ही.
ती म्हणाली, श्शू, मावशी.
इंटरव्हलच्या आत पकडली गेली.

बाहेर पडताना दारातल्या गार्डसमोर
माझे हात आपोआप वर गेले,
एक तर पार अंबाड्यापर्यंत.
आजी, तो म्हणाला,
तपासतात ते आत जाताना.