तिवर, तिमर

मुलाला शाळेत एक कादंबरी लावलीय.
दोन पोरं, एक बेट, फुटकी होडी.
आधी एकमेकांचा तिटकारा, शेवटी गळ्यात गळा.
प्रश्न सातवा : यातून तुम्ही काय शिकलात?
उत्तराला चार रेघा.

पेन्सिल चावत तो विचारतो,
आई, असं खरंच होतं का?

बाहेर शारजाचा दमट उजेड,
समोरच्या इमारतीचे एसी टपटपताहेत.
होतं, मी म्हणते.
म्हणजे, अर्धं होतं.

उम्म अल क्वैनची खाडी, शुक्रवार, मंडळाची सहल.
बायका चटयांवर, पुरुष पत्त्यांत,
मी दहा वर्षांची, गळ्यात पाण्याची बाटली.
काठाला एक होडी, बांधल्यासारखी बांधलेली.
तिच्यात होडीवाल्याचा पोरगा, शेरजान,
जाळ्यातले खेकडे सोडवत बसलेला.
त्या बलुच्यांच्या जवळ जायचं नाही
हे मला सातच्या पाढ्यासारखं पाठ होतं,
म्हणून तर मी होडीत चढले आणि म्हटलं, तू उतर.
तो म्हणाला, होडी आमची आहे.
मी म्हटलं, पैसे आम्ही दिलेत.

ओहोटीला आमच्या भांडणात रस नव्हता.
दोर केव्हा सुटला कुणी पाहिलं नाही.

चिखलात रुतलो तेव्हा मागे किनारा नव्हताच,
नुसती झाडं, गुडघाभर, हिरवी-राखाडी.
तो एका टोकाला, मी दुसऱ्या.
सूर्य बुडाला तसा तो रडायला लागला,
आणि मला आधी बरंच वाटलं.
मग कळलं, तो मला भीत होता.
तुम्ही लोक मेल्यावर जाळता ना,
मग ती जळकी माणसं रात्री
पाणी मागत फिरतात, चाची म्हणाली होती.
मी म्हटलं, वेडा आहेस का.
पण मागे वळून एकदा पाहिलं मीसुद्धा.

बाटलीत चार घोट.
ती पुढे करताना मी म्हणाले, उष्टं करू नकोस.
त्याने मान मागे टाकली,
बाटली वीतभर उंच धरली,
आणि एक थेंब न सांडता वरून प्यायला,
थेट माझ्या आजोबांसारखा.
मला तसं कधीच जमलेलं नाही.
माझ्या पाळीला मी तोंड लावलं.
ते त्याने पाहिलं. उरलेला घोट
तरीही प्यायला, तोंड लावून.

त्याने एक पान तोडलं, उलटं केलं, म्हणाला, चाट.
खारट!
झाड समुद्र पितं आणि मीठ बाहेर टाकतं, तो म्हणाला,
याला आम्ही तिमर म्हणतो.
आमच्या रेवदंड्याच्या खाडीत हेच झाड.
तिवर, मी म्हटलं.
तिमर.
तिवर!
मग आम्ही हसत सुटलो, का ते विचारू नकोस,
पाणी चढत होतं, होडी गळत होती,
त्याचा सदरा आणि माझ्या फ्रॉकचा पट्टा गाठ मारून
आम्ही ती त्याच झाडाला बांधली
आणि डबड्याने पाणी उपसत राहिलो,
एकदा तो, एकदा मी, रात्रभर.

मग? मग मित्र झालात?

मग पहाटे बॅटऱ्या आल्या. दोघांचे बाप एकाच लाँचमध्ये.
बाबांनी मला उचललं,
आणि मोकळ्या हाताने शेरजानच्या कानाखाली वाजवली.
त्याचा बाप पाण्याकडे बघत उभा राहिला.
कुणाचा व्हिसा कुणाच्या सहीवर असतो
ते मला फार पुढे कळलं.
मी काही बोलले नाही.
ओठांवर मीठ होतं, असं मी स्वतःला सांगते.

घरी आईने ती बाटली तीनदा घासली,
मग टाकूनच दिली.

मुलगा पहिली रेघ लिहितो, खोडतो.
त्याचं आडनाव काय होतं? विचारतो.
मला माहीत नाही.
विचारलं नव्हतंस?
नाही.

तो बराच वेळ कागदाकडे बघतो.
मग चार रेघा तशाच सोडून
समासात, बारीक अक्षरात लिहितो, तिवर.
आणि विचारतो, दुसरा शब्द काय म्हणालीस?