कलम सात, कडी

नरिमन पॉइंटला, सतराव्या मजल्यावर
चार देश एका टेबलापाशी बसले होते
आणि मी पाचव्या खुर्चीत, दोन भाषांच्या मध्ये.
माझा घसा तेवढा भाड्याने घेतलेला,
बाकीची मी घरी ठेवून आले होते.

विषय मंडाळ्याच्या शौचालयाचा. चोवीस सीट.
पैसे चौघांचे, विटा भिवंडीच्या,
गवंडी मालद्याचे.

आधी चौघांचे चार फॉर्म असत.
सुगंधा वाव्हळ, किल्ली जिच्या कमरेला,
एकाच महिन्यात चारदा सांगून बसली होती
घरात माणसं किती, बायका किती,
पाळीच्या दिवसांत काय करता.
चौथ्यांदा तिनं मलाच विचारलं,
"यांचं आपसात बोलणं नाही का?
भावकीत भांडण आहे?"
मी ते पलीकडे पोचवलं नाही.
पोचवायला हवं होतं.

आता भावकी एकत्र आली होती.
एक फॉर्म, एक हिशेब, वर्षातून एकच भेट.
मला खरंच बरं वाटलं, हे लिहून ठेवते,
कारण कागदाला नावं ठेवणं फार सोपं असतं.

सकाळ सगळी एका शब्दावर गेली: 'चालू'.
चालू शौचालय म्हणायचं कशाला?
पाणी आलं तर, एक म्हणाला.
पन्नास माणसांमागे एक सीट, दुसरा.
तिसऱ्याच्या संसदेला टक्केवारी लागते.
चौथी किर्स्टन, गुडघ्याला पट्टा,
आदल्या दिवशी गटारावरच्या फरशीवरून घसरलेली,
म्हणाली, जिच्याकडे किल्ली आहे तिला विचारू.

दुपारी गेलो.
सुगंधानं सगळं ऐकून घेतलं, पाणी, सीट, टक्के,
मग एका दारातून आत गेली, दार ओढलं
आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.
आम्ही पाच जण बाहेर, हातात फाइली.
आतून ती म्हणाली,
"ही लागली तर चालू."

चोवीसपैकी नऊ लागल्या.

तिसऱ्यानं विचारलं, कडीची नोंद कुठल्या रकान्यात?
सुरक्षितता की दुरुस्ती?
यावर दोन देशांचं जमेना.

मग चहा आला, आणि चहाबरोबर तो प्रश्न
जो दरवेळी शेवटी येतो, आवाज मऊ करून:
इथे तुम्हाला ओनरशिप वाटते का?

मी म्हटलं, "मालकी."
दुसरा शब्द सुचला नाही. अजून सुचत नाही.

सुगंधानं कप खाली ठेवला. पदराला हात पुसले.
"देताय?"
मग भराभरा, मला थांबूही न देता,
"कागद कुणाच्या नावावर? एकटीच्या की मंडळाच्या?
जागा कलेक्टरची, त्याला विचारलंय का?
मागच्या खेपेला मालकी विचारायला आले
तेव्हा त्यांच्या मागे बुलडोझर उभा होता."

चार देश माझ्या तोंडाकडे बघत राहिले.
एवढं सगळं त्यांच्या भाषेत मावेल
असा एकच शब्द हाती लागला:
केव्हा.

केव्हा काय? त्यांनी विचारलं.

सहा महिन्यांनी मसुदा पक्का झाला. मी तपासला.
कलम सातमध्ये आहे ती, 'आतून लागणारी कडी',
चौघांना मान्य, सर्व प्रकल्पांना लागू.
म्हणजे उद्या ढाक्यात, किसुमूत
कुणी अनोळखी माणूस दार ओढून बघेल
आणि त्याला ठाऊक नसेल कुणामुळे.

दुसरा शब्द होता तिथेच आहे.
त्याला एक तळटीप दिलीय:
स्थानिक भाषेत अर्थ वेगळा होऊ शकतो.

उरलेल्या पंधरा कड्या सुगंधानं कधीच आणल्या,
मानखुर्द स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्याकडून, स्क्रूसकट.
बिल माझ्याकडे देऊन ठेवलंय.
कुठल्या देशाला पाठवायचं
ते विचारून सांग म्हणते.