पावणेआठ इंच

करंजाड्याच्या दुकानात दुपारी वीज गेली
तेव्हा वेदूचा पृथ्वीगोल ठेवला इस्त्रीच्या टेबलावर
आणि गळ्यातली टेप काढली.

एक टोक इथं. गोलावर नवी मुंबई नाहीच,
मुंबईच्या ठिपक्याला चिकटून उजवीकडे नख टेकवलं.
दुसरं टोक व्हँकूव्हरला,
जिथं प्रणिता औषधांच्या गोदामात रात्रपाळी करते
आणि फोनवर म्हणते, "लांब नाय गो आये."

आधी टेप आडवी धरली, नकाशात वाटतं तशी,
चीन, जपान, मग निळंच निळं.
कडेनं चुण्या पडल्या.
चुणी पडली की माप खोटं,
हे उरणच्या मामीनं पहिल्याच दिवशी शिकवलेलं.
मग ताणली. ती आपसूक वर सरकली,
काश्मीर, सैबेरिया, बर्फाच्या टाळूवरून
पलीकडे उतरली.
अंग गोल असलं की जवळची वाट वरून जाते,
कुठल्याही शिंपिणीला विचारा.

पावणेआठ इंच.
एवढी तर बाही शिवते मी, कोपराच्या वरची.

वेदूनं मोबाइलवर शोधलं:
बारा हजार दोनशे आणि वर काहीतरी किलोमीटर,
सरळ उडालं तर.
सरळ कोण उडतंय?
ती गेली तेव्हा मधल्या कुठल्याशा विमानतळावर
सात तास बाकड्यावर बसलेली, बॅगेत पाय अडकवून.
"हे मोजतात कुठून रे?"
"धावपट्टीच्या मध्यापासून, काकी."

मध्यापासून.
म्हणजे साधारण आमची मोरी.
नाहीतर मोरीमागचा शेवगा,
ज्याच्या फांदीला लोंबकळून प्रणितानं दात पाडून घेतला.
टेकडी कापली, नदी वळवली,
आम्ही टेम्पोतून इकडे आलो,
मशीन मागे, देवांचा पाट माझ्या मांडीवर.
आता त्या मोरीपासून
जगातली सगळी शहरं मोजून ठेवलीत.
मोरीपासून आमच्यापर्यंतचं अंतर मात्र
रिक्षावाला सांगतो, तेही त्याच्या मनाला येईल ते.

वीज आली. पंख्यानं चिंध्या उडवल्या.
मैत्रिणीच्या लग्नासाठी तिनं मापं पाठवलीत,
स्वतःची स्वतःच घेतलेली:
उंची चौदा. छाती चौतीस.
बाही पावणेआठ. (हसले मी.)
दंडघेर साडेदहा.

पुन्हा वाचलं.
जाताना बारा होता.
माझ्या वहीत आहे, पेन्सिलीनं,
मागच्याच्या मागच्या दिवाळीच्या पानावर.

तिथं मध्यरात्र उलटली असेल,
ती खोकी उचलत असेल.
फोन हातात घेतला, ठेवला.
गुलबक्षी खण पसरून
तिनं सांगितलेल्या आकड्यावर खडूची रेघ ओढली
आणि रेघेच्या बाहेर, दोन्ही अंगांनी,
इंच-इंच माया सोडून
कात्री चालवली.