दुसऱ्या पिढीचा रकाना

हाश्मी मॅडमनी रजिस्टरात रेघा मारल्या:
नर कुठला, मादी कुठली, अंडी किती,
फुटली किती, शेपटी गळेपर्यंत जगली किती.
शेवटचा रकाना, दुसरी पिढी.
मी परिचर. "गुट्टे, मोजा."
मोजायलो, मॅडम.

नर हत्तीखान्याखालच्या डबक्यातला,
अंगभर चामखिळी, आवाज रहाटाचा.
मादी जयंतीच्या वाळूतली, बारकी, मातकट.
"दोघांच्या जाती वेगळ्या," मी म्हणालो.
"प्रजाती म्हणा," मॅडम म्हणाल्या.
रजिस्टरात तेव्हापासून तेच लिहिलं.
तोंडात यायचं ते येतच राहिलं.

सकाळी टबात दुपदरी पोत.
काळे मणी, पाण्याचाच चिकट दोरा.
बशीत पसरून मोजायला बसलो,
भाकर खायला उठलो
आणि पुन्हा एकपासून.
दोन हजार एकशे सात.

तिसऱ्या दिवशी मणी पांढरे पडले,
आधी कडेचे, मग मधले.
हाताला तो वास.
बायको म्हणाली, ताट दुसऱ्या हातानं घ्या.

सतरा बेडूक उरले.
रंग धड मातीचा नाही, धड दगडाचा नाही,
वजनाला मात्र आईबापाहून भारी.
"हायब्रीड ज्वारीसारखं," मी म्हणालो,
"कणीस मोठं, पण बियाला ठेवायचं नाही."
मॅडमनी चष्म्यावरून बघितलं
आणि ते वाक्य वहीत उतरवून घेतलं,
खाली माझं नाव न घालता.

मग त्यांना विद्यापीठात बोलावणं आलं.
टब धुऊन ठेवा म्हणाल्या.
मी टब धुतले.
सतरा जण पिशवीत घालून रात्री बारवेत सोडले,
रजिस्टरात लिहिलं: मृत. सही केली.
एकोणतीस वर्षांच्या नोकरीत
कागदावरचं खोटं तेवढंच.

याला दोन वर्षं झाली.
परवा बारवेतून आवाज आला,
रहाटासारखा सुरू झालेला
आणि मध्येच बारीक होऊन
वाळू चाळल्यासारखा संपलेला.
थांबला. पुन्हा तसाच.
मी बॅटरी घेऊन नवव्या पायरीपर्यंत उतरलो.
शेवाळाला गुंडाळलेली पोत, काळी.
कुणाचीही असेल,
तिथं गावभरचे बेडूक येतात.
सवयीनं मोजायला लागलो,
त्रेचाळीसला बॅटरी मंदावली.

मॅडमचा नंबर आहे माझ्याकडे.
लावला नाही.
उद्या तिसरा दिवस.