मुदतीनंतर

विषयाच्या ओळीतून तिने आधी ‘मोफत’ काढलं,
मग ‘बक्षीस’, मग ते उद्गारचिन्ह,
साहेबांच्या फार आवडीचं.
‘सर्वेक्षण कक्ष’ खोडून
स्वतःचं नाव घातलं, तूलिक्की हाक्करायनेन,
खाली टेबलावरचा फोन नंबर.
चार हजार एकदम नकोत, म्हणाली,
पन्नास-पन्नास सोडू.
झुंडीनं येणाऱ्याला कोण दार उघडतं?

कुओपिओचं तळं तेव्हा गोठलेलं.
प्रश्न साधेच : विहिरीचं पाणी कसं लागतं?
खाण सुरू झाल्यापासून काही फरक?

मुदत संपून एकवीस दिवसांनी
एइनो वॅन्स्काचं उत्तर आलं.
‘बाई, तुमची मेल स्पॅममध्ये पडली होती,
लॉटरी आणि टकलावरच्या तेलाच्या मधोमध.
उघडणार नव्हतो. पण हाक्करायनेन नावाचा एक
शाळेत माझ्या बाकावर बसायचा.
पाणी लोखंडासारखं लागतं. दोन वर्षं झाली.
कुणी विचारलं नव्हतं.’

तक्ते मिटले होते, अहवाल छापायला गेला होता.
तिने छापखान्याला फोन लावला : थांबा.
किती दिवस? पलीकडून विचारलं.
ती खिडकीबाहेर बघत राहिली.
बर्फावरून कुणीतरी
रिकामी बादली घेऊन चाललं होतं.