नोट नंबर छत्तीस

केबल प्रिंटरचीच निघाली.
एका टोकाला चपटं तोंड, दुसऱ्याला चौकोनी,
कपाटावरच्या पिशवीत, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात
आठ वर्षं पडून.
प्रिंटर कधीच भंगारात गेला.
ऋजुता म्हणाली, हीच लागते बाबा, खोचा.

खोचली.
लॅपटॉपनं टुण् केलं, ओळख पटल्यासारखं,
आणि मी स्नेअरवर पहिली काठी मारली
तर आतून टाळी वाजली.
टॉमवर मारलं, तर गाईच्या गळ्यातली घंटा.
झांजेवर, काहीच नाही.

"पॅड फक्त नंबर पाठवतं," ती म्हणाली,
"आवाज इकडे राहतो."
स्नेअर अडतीस. किक छत्तीस.
बंद हायहॅट बेचाळीस, उघडा सेहेचाळीस,
अर्ध्या उघड्याचं भांडण अजून मिटलेलं नाही.
घावाचा जोर एक ते एकशे सत्तावीस.
त्याच्यापुढे मोजत नाहीत.
मी विचारलं, गोठिवलीच्या त्या हळदीत
पहाटे तीनपर्यंत वाजवलं, बोटांची सालं निघेस्तोवर,
ते किती भरलं असतं?
"एकशे सत्तावीस, बाबा."

मग उशीर.
काठी पडते, आवाज मागून येतो. किंचित.
हा उशीर माझ्या ओळखीचा.
खाडीवर पुलाचं काम चाललं होतं तेव्हा
ऐरोलीला कंपनीच्या बससाठी आम्ही उभे असायचो:
लांब घण खांबावर पडलेला दिसायचा,
मग एक रिकामी जागा,
मग ठण्ण.
दामोदर म्हात्रे त्या रिकाम्या जागेत
नेमकी एक टाळी टाकायचा.
आमच्या बँजो पार्टीत ताशा त्याचा.

ऋजुतानं बफर पाचशे बाराचा एकशे अठ्ठावीस केला.
आवाज जवळ आला, पण तडतडला,
तापल्या तेलात पाणी पडावं तसा.
शेवटी दोनशे छप्पन. थोडा उशीर, थोडी शांतता.
"संसार म्हणतात त्याला," नलिनी स्वयंपाकघरातून.

हेडफोनमध्ये आता मोठा हॉल आहे.
लाकडी जमीन, उंच छत,
कुठल्याशा देशात कुणीतरी माइक लावून
एकेक घाव जपून ठेवलेला.
सेक्टर सोळाच्या बेडरूममध्ये बसून मी तो उधळतो.
नलिनीला फक्त रबर ऐकू येतं,
थप थप थप्प.
"तासभर भाकऱ्या थापतोस,
एक ताटात पडत नाही."

रविवारी खालचे पिल्लै आले.
मी माफीच्या तयारीत. पेडलखालच्या फळ्या दाखवल्या,
दोन फळ्यांमध्ये बारा टेनिस बॉल, पोरांकडून घेतलेले.
ते वाकून बघत राहिले.
"पंखा हलतो, हलू दे. बाकीचं काही येत नाही खाली.
फक्त पायाचं. धुप्. धुप्.
पण चौथा तुमचा रोज मागे राहतो."

रात्री रेकॉर्डिंग उघडलं.
पडद्यावर उभ्या रेघा, माझे छत्तीस नंबरचे ठिपके,
तीन रेघेवर,
चौथा जरा उजवीकडे. दर वेळी.
केबलचा दोष? मी आशेनं विचारलं.
"केबल सगळ्यांना सारखाच उशीर करते."
एक बटण आहे म्हणाली,
सगळे ओढून रेघेवर बसवतं.

मी बोट उचललं आणि आठवलं,
चौथ्यावर ताशा उसळायचा.
त्याला वाट द्यावी लागायची.
दामोदर आता उलव्याला असतो, गुडघे बदललेत,
ताशा भाच्याला दिला.
माझा पाय मात्र अजून बाजूला सरतो.

बटण तसंच ठेवलं.
काल संध्याकाळी वाजवत होतो
तर नलिनीनं मागून येऊन एका कानाचा हेडफोन उचलला.
"ऐक."
हॉल अर्धा गेला. रबर. थप थप थप्प.
आणि चौथ्याच्या अलीकडे, लादीखालून,
झाडूच्या दांड्याचं असावं,
एक ठक्.

तक्रार असेल.
मी थांबलो नाही.